देवांना जागा नाही

घरात एकाच्या कपाळावर 'याला त्यातलं कळतं' असा शिक्का बसतो आणि मग तो जन्मभर इतरांचे फोन झाडत बसतो. आमच्याकडे हा मान माझा. परवा आईने फोन पुढे केला. "अरे, फोटोच निघत नाहीये. जागा नाही म्हणतोय. मी असं ठेवलंय तरी काय त्यात?"

64 जीबीच्या त्या फोनमध्ये मंगळवारचे गणपती होते, गुरुवारचे दत्तगुरू होते, शनिवारचे मारुती होते. चहाच्या वाफेवर लिहिलेले सुविचार होते. शिवाय छताच्या पंख्याचं चार मिनिटांचं चुकून झालेलं चित्रीकरण. ते मी उडवायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे, त्यात तुझे बाबा 'चहा कधी मिळणार' असं विचारतायत."

"आई, ते रोज विचारतात."

"म्हणून काय झालं?"

मग मी मुद्द्याला हात घातला. "हे बघ, नातीचे सगळे फोटो वर क्लाउडवर गेलेत. फोनमधले काढले तरी चालतील."

"वर म्हणजे कोणाकडे?"

"गूगलकडे."

"त्यांना काय करायचेत आपल्या पोरीच्या बारशाचे फोटो?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोम वेगळीच असते, आणि भली भली माणसं तिथेच फसतात. गूगल फोटोजमध्ये शिरून फोटो सरळ डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही. जागा मोकळी करण्याचा पर्याय वेगळा आहे. त्यात बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत जाते, वरची शाबूत राहते. मी आधी बॅकअप पुरा झाल्याची खात्री केली, मग ते बटण दाबलं. आईने तेवढ्या वेळात देवासमोर निरांजन लावलं होतं. नात सुखरूप वरच राहिली, फोन थोडा हलका झाला.

उरले देव. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप वर जातात, व्हॉट्सॲपच्या फोल्डरला मात्र वेगळी परवानगी द्यावी लागते. ती कोणीच दिली नव्हती. म्हणजे आईचे तेहतीस कोटी अजून भूतलावरच. त्यांना वर धाडावं, तर फुकटची जागा 15 जीबी, तीही ईमेल आणि ड्राइव्हसकट. 1 जून 2021 पासून नवा फोटोन्‌फोटो त्यातच मोजला जातो. देव चढले की नातीच्या पुढच्या फोटोंना जागा उरायची नाही.

आईने क्षणभरही विचार केला नाही. "नात राहू दे. देव समजून घेतील."

पण मी फोटो काढायला लागलो आणि तिला कचरापेटीचं चित्र दिसलं. तिथे फोटो किती दिवस राहतात, हे मी भाबडेपणाने सांगून बसलो. बॅकअप असलेला 60 दिवस, नसलेला 30.

"महिनाभर दत्तगुरू कचऱ्यात? तुला काही वाटतं का रे?"

शेवटी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन, कचरापेटीला वळसा घालून थेट काढायचं ठरलं. त्यातही शनिवार होता, म्हणून मारुतीला हात लावायचा नाही. आईने फोन पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती हलवतात तसा तो किंचित हलवला. "हं, आता कर." त्यातला एक तांदूळ चार्जिंगच्या भोकात गेला. तो टाचणीने काढायला जेवढा वेळ लागला, तेवढा देव काढायला लागला नाही.

मग आठवड्याभराने आई एसटीने माणगावला निघाली. शेजारच्या बाईंना नात दाखवायला तिने फोन उघडला. ताम्हिणी घाट, रेंज नाही. धूसर चौकोनावर गोल गोल चक्र फिरत राहिलं. बाई बराच वेळ त्याकडे बघत होत्या म्हणे.

आई म्हणाली, "थांबा हं, घाट उतरलो की नात दिसेल. तोवर हा पंखा बघा."