कॅप्टन साठेंनी इंधन जाळलं नव्हतं

ऑगस्ट आला की केरळमधल्या कोळिकोडच्या विमान अपघाताचा मेसेज येतोच. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, थोरल्या भाऊजींकडून, आणि खाली माझ्या भाचीला उद्देशून ओळ होती: ‘बाळा, पायलट व्हायचं तर असं व्हायचं.’ भाचीच्या हातात नुकतंच कमर्शियल पायलट लायसन्स आलंय आणि आता टाइप रेटिंगची, म्हणजे ठराविक जातीचं विमान उडवायच्या परवान्याची, तयारी चालू आहे. काकांना उलट कसं बोलणार, म्हणून तिने नुसते जोडलेले हात टाकले. मी मात्र बोलणार. विमान मी उडवत नाही, पण एअरलाइनच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये फ्लाइट डिस्पॅचचं काम करत आलेय. इंधनाचा हिशोब हे माझं रोजचं काम, त्यामुळे या मेसेजवर गप्प बसणं मला जरा जडच जातं.

मेसेज थोडक्यात असा: ‘7 ऑगस्ट 2020, एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबई–कोळिकोड विमान. चाकं उघडली नाहीत. कॅप्टन दीपक साठे यांनी विमानतळाला तीन घिरट्या मारून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही. आदळण्याआधी इंजिन बंद केलं आणि विमान पोटावर उतरवलं. स्वतः मरण पत्करून 180 जणांना वाचवलं. खरा कॅप्टन शेवटपर्यंत माघार घेत नाही. मीडिया हे दाखवणार नाही.’

विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, या सरकारी संस्थेचा अहवाल सप्टेंबर 2021 मध्येच जाहीर झालाय. ब्लॅक बॉक्समधला डेटा, कॉकपिटमधलं बोलणं, हवामान, धावपट्टी, सगळं त्यात आहे. इतकी वर्षं तो सगळ्यांसमोर आहे आणि तरी हा मेसेज फिरतोच आहे.

चाकांचं आधी उरकते. चाकं उघडली होती. विमान चाकांवरच उतरलं आणि ओल्या धावपट्टीवर ब्रेक लावत धावलं. पोटावर उतरवल्याची गोष्ट सपशेल खोटी.

इंजिन बंद केल्याचंही तसंच. टेकल्यानंतर विमानाचा वेग मारायला रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा उलट दिशेचा जोर, वापरला गेला, हे नोंदलेलं आहे. बंद इंजिनातून रिव्हर्स थ्रस्ट मिळत नाही.

आता इंधन. बोइंग 737-800 मध्ये हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नसते, त्यामुळे जाळणं हा एकच मार्ग उरतो. हे विमान ताशी साधारण अडीच टन इंधन खातं. विमानतळाभोवती तीन फेऱ्या, अगदी सावकाश पाऊण तास धरला तरी दोन टनांच्या आत. एवढ्याने टाक्या ‘संपत’ नाहीत. आणि संपल्या नव्हत्याच. अपघातानंतर दोन्ही पंखांमधल्या टाक्यांतून इंधन गळत होतं, असं अहवालात स्पष्ट लिहिलंय. इंधन होतं, गळलंही, तरी आग लागली नाही. शिवाय टाकी रिकामी केली की धोका टळला, हीसुद्धा गैरसमजूतच. 1996 साली न्यूयॉर्कहून निघालेल्या टीडब्ल्यूए 800 या विमानाची मधली टाकी जवळजवळ रिकामी होती, तिच्यातल्या वाफेचा स्फोट झाला आणि 230 माणसं गेली.

खराब हवामानात इंधन जिवापाड राखतात, उधळत नाहीत. कोळिकोडला उतरता आलं नाही तर कोची आहे, कोइम्बतूर आहे. तिथवर पोचायचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचा राखीव साठा, एवढं धरूनच आम्ही विमान सोडतो. पावसात दोनदा प्रयत्न करून ‘चला दुसरीकडे’ म्हणायची मोकळीक कॅप्टनला असावी, यासाठीच तो सगळा हिशोब असतो.

मग ‘तीन घिरट्या’ आल्या कुठून? तीन नव्हत्या. झालं ते इतकंच: पहिला प्रयत्न धावपट्टी 28 वर, म्हणजे पट्टीच्या एका टोकाकडून, होता. मुसळधार पाऊस, त्यात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही, तेव्हा त्यांनी उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं. याला गो-अराउंड म्हणतात. अगदी पुस्तकात लिहिलेला, योग्य निर्णय. साठेंच्या त्या रात्रीच्या कामात कौतुक करण्यासारखं हेच होतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं त्याचंच ‘इंधन जाळायला घातलेली घिरटी’ करून टाकलं.

यावर मी इतकं लांबण लावतेय ते त्या शेवटून दुसऱ्या वाक्यामुळे. ‘खरा कॅप्टन शेवटपर्यंत माघार घेत नाही.’ बाकी सगळं अज्ञान म्हणून सोडून देईन. हे वाक्य उद्या को-पायलट म्हणून उजव्या सीटवर बसणाऱ्या मुलीला शहाणपण म्हणून पाठवलंय.

दुसऱ्या प्रयत्नात काय झालं ते अहवालाच्याच आधारे सांगते. या वेळी त्याच पट्टीवर उलट्या बाजूने, धावपट्टी 10 वर. वारा पाठीमागून, 14 नॉट्स. पाठीमागून वारा म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त आणि थांबायला लागणारी जागाही जास्त. धावपट्टी 8,858 फुटांची. विमान टेकलं ते तिच्या सुरुवातीपासून 4,438 फुटांवर, म्हणजे जवळपास निम्मी मागे टाकून. जमिनीवरचा वेग 165 नॉट्स, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. धावपट्टी ओली, पलीकडे उतार. टेबलटॉप विमानतळ म्हणतात तो हाच. विमान टोक ओलांडून सुमारे 110 फूट खाली गेलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. 190 पैकी 21 जण गेले, दोन्ही पायलट त्यांतलेच.

टेकण्याआधीच्या त्या काही सेकंदांत कॉकपिटमध्ये दुसरा माणूसही होता. मेसेजमध्ये तो कुठेच नाही. एक पायलट विमान उडवतो, दुसरा पायलट मॉनिटरिंग: वेग, उंची, खाली येण्याचा दर, सगळ्यावर डोळा ठेवायचा, चुकलं तर बोलायचं, ऐकलं नाही तर कंट्रोल आपल्या हातात घ्यायचे. हे उपकार म्हणून करायचं काम नाही, ती त्याची नेमून दिलेली जबाबदारी असते. चुकतंय हे को-पायलटला दिसत होतं. आधी तो ‘जस्ट चेक इट’ म्हणाला. मग ‘कॅप्टन’. मग ‘गो अराउंड’. तोवर चाकं टेकली नव्हती. वर जायला वाव होता. एकदा टेकून रिव्हर्स थ्रस्ट घेतला की तो वाव संपतो, मग थांबायचंच.

एएआयबीने संभाव्य कारण म्हणून दोन गोष्टी एकाच वाक्यात जोडल्यात. विमान उडवणाऱ्या पायलटने ठरलेली कार्यपद्धती मोडून अस्थिर उतरण (वेग, उंची किंवा खाली येण्याचा दर मर्यादेबाहेर असलेली) चालू ठेवली आणि ‘गो अराउंड’ ऐकूनही निम्म्या धावपट्टीवर विमान टेकवलं. आणि मॉनिटर करणाऱ्या पायलटने कंट्रोल हातात घेतले नाहीत. दुसरा भाग पुन्हा वाचा, भाऊजी. माझ्या भाचीची पुढची काही वर्षं तिथे जाणार आहेत. डावीकडे दहा हजारांहून जास्त तास उडवलेला, हवाई दलातून आलेला कॅप्टन. उजवीकडे दोन हजार तासांच्या आसपास अनुभव असलेला तरुण. ‘सर, चुकतंय’ एवढं म्हणायलाही धीर लागतो, आणि सरांच्या हातातलं विमान काढून घ्यायचं म्हणजे किती! सिम्युलेटरमध्ये हेच घोटून घेतात. आणि आपण घरी बसून तिला सांगायचं की थोर कॅप्टन माघार घेत नसतो?

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 22 मे 2010, मंगळुरू. तीच एअरलाइन, तसलाच टेबलटॉप, तेही दुबईहून आलेलं विमान. चौकशीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले. कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपेत होता, उतरताना विमान फार उंचावर होतं आणि को-पायलटने तीनदा गो-अराउंड सुचवला. 8,000 फुटांच्या धावपट्टीवर विमान 5,200 फुटांवर टेकलं. 158 माणसं गेली. दहा वर्षांनी पुन्हा तेच.

आपल्याकडेच होतं असंही नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की जगभरात अस्थिर झालेल्या उतरणींपैकी जेमतेम 3 टक्क्यांत पायलट गो-अराउंड करतात. उरलेले 97 टक्के ‘जमेल’ म्हणून उतरतात, आणि बहुतेकदा जमतंही. तिथेच घोळ आहे. शंभरदा जमलं की एकशेएकाव्यांदा हात वर खेचत नाही. म्हणून गो-अराउंड केला तर पायलटला जाब विचारायचा नाही, असं धोरण ठेवावं लागतं. तुमच्या विमानाने उतरता उतरता पुन्हा वर झेप घेतली आणि शेजारचा प्रवासी ‘काय पायलट आहे’ म्हणून पुटपुटला, तर कृपा करून त्याला गप्प करा.

आता जे मान्य करायचं ते करते. साठे सामान्य पायलट नव्हते. एनडीएतून आलेले, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, टेस्ट पायलट. आणि दोष एकट्या त्यांच्या माथी मारून मोकळं व्हावं, असंही अहवाल म्हणत नाही. वायपर धड चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी त्यांची गरज लागणार होती आणि कोळिकोडला एअरलाइनकडे कॅप्टन अपुरे होते. वेळेवर उतरायचा दबाव त्यातूनच येतो. यंत्रणेतल्या त्रुटी हातभार लावणारं कारण म्हणून वेगळ्या नोंदवल्या आहेत. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच कळवळा असता तर त्याने त्या वायपरबद्दल आणि रोस्टरबद्दल चार ओळी खरडल्या असत्या. पण कॅप्टनला चमत्कार करणारा ठरवला की एअरलाइनला काहीच विचारायचं उरत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. अपघातात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हेही मला कळतं. घडलेलं ते बोला ना. पहिला गो-अराउंड त्यांनीच केला होता.

‘मीडिया दाखवणार नाही’ याला काय उत्तर देणार? ही घिरट्यांची गोष्ट त्या आठवड्यात बातम्यांमध्येही झळकली होती.

राहता राहिलं ‘180 जणांना वाचवलं’. विमान कोसळलं तेव्हा रात्र होती, पाऊस होता आणि कोविडचा कहर चालू होता. विमानतळ कोंडोट्टी गावाला लागून आहे. आसपासची माणसं आवाज ऐकून धावत आली. तुटलेल्या सांगाड्यातून लोकांना ओढून काढलं, मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. मध्यरात्री रक्तपेढ्यांसमोर रांगा लागल्या. कुणाला कोविड आहे, कुणाला नाही, ते विचारत कोण बसणार? नंतर त्यातल्या अनेकांना विलगीकरणात राहावं लागलं. 2022 मध्ये वाचलेल्या प्रवाशांनी आणि नातेवाइकांनी भरपाईच्या रकमेतून 50 लाख रुपये त्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या इमारतीसाठी द्यायचं जाहीर केलं. भाऊजी, पुढच्या ऑगस्टला काही पाठवायचंच असेल तर हे पाठवा.