संकट यावं ते निकषात बसून

शेतकरी बंधूंनो, पाऊस पडला की नाही हे बघण्यात तुमचा वेळ फुकट जातो. पाऊस मोजला गेला की नाही, ते बघत जा. सरकारच्या लेखी 24 तासांत 65 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला, तर ती अतिवृष्टी. आणि तो पडायला हवा महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या मिळून केलेल्या सरकारी गटाच्या, पर्जन्यमापकात. तुमच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी असेल, नाही कोण म्हणतो? पण यंत्र उभं आहे मंडळाच्या गावी, आठ किलोमीटरवर, आणि तिथे भरला 61. म्हणजे काल तुमच्याकडे समाधानकारक पाऊस झाला. पुढच्या खेपेला काळा ढग दिसला की हात जोडून सांगा, बाबा रे, आधी यंत्रावर चार मिलिमीटर जादा टाक, मग इकडे ये.

रिपरिप लागली असेल तर आणखी जपा. 2023 साली सरकारने सततचा पाऊस हीसुद्धा आपत्ती मानली, मोठीच सोय झाली. सलग पाच दिवस, रोज किमान 10 मिलिमीटर, शिवाय इतर अटी. तेव्हा चौथ्या दिवशी ऊन पडलं म्हणून तुरीवर फवारणी काढायला धावू नका. ते ऊन तुमच्या मुळावर आलेलं आहे.

नुकसानही मापात करून घ्यायचं. 33 टक्के किंवा त्याहून जास्त झालं तर मदत, 32 ला राम राम. 2015 पूर्वी ही रेघ 50 वर होती, हे लक्षात ठेवून कृतज्ञ राहा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सडलेलं पीक शेतात तसंच ठेवा. पुढच्या पेरणीसाठी रान मोकळं केलंत तर नुकसान कुठंय असं तोच विचारील. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. तो बदल मात्र बिनपंचनाम्याचा झाला.)

पाऊस पडलाच नाही तर काम जास्त किचकट. पूर्वी पैसेवारी होती, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने रुपयात किती पैसे पीक आलं याचा सरकारी हिशेब: नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि 50 पैशांच्या आत आलं की दुष्काळ पदरात पडून गावाला हायसं वाटायचं. आपलं पीक वाईट ठरावं म्हणून देव पाण्यात ठेवणारी ती पिढी! 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने हा गावठीपणा संपवला. आता आधी पावसाची तूट आणि खंड बघतात, मग पेरणीचं क्षेत्र, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ. तेव्हा बांधावरची बाभूळ आणि वेडी बाभूळ वेळीच तोडा. उगाच वरून हिरवं दिसायला नको. त्यानंतर तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. तुमचं गाव उरलेल्या नव्वदात असेल, तर त्या दहांतल्या कुणाकडे सोयरीक जमवा आणि त्यांचं पीक वाळू द्या म्हणावं.

एवढं पार पडलं तरी दुष्काळ मध्यम निघू शकतो. 2018 मध्ये 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला: 112 गंभीर, 39 मध्यम. केंद्राच्या आपत्ती निधीचं दार फक्त गंभीरला उघडतं. मध्यम दुष्काळातल्या विहिरीचा तळ कसा वेगळा दिसतो, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. सांगता कुणालाच आलं नाही.

आणि दोन्हींत बसला नाहीत, तरी खचू नका. सदृश आहे ना! हा शब्द ज्याने शासन निर्णयात पहिल्यांदा घातला त्याचा सत्कार व्हायला हवा. 2015 च्या ऑक्टोबरात चौदा हजारांवर गावांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं, तेव्हाही कागदावर सदृशच होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात सरकारने कळवलं की जिथे जिथे दुष्काळसदृश लिहिलंय तिथे दुष्काळ वाचावं. पावसाळा तोंडावर आला होता. वाचून झालं. 2023 मध्ये पुन्हा 40 तालुक्यांना दुष्काळ आणि हजारभर मंडळांना सदृश.

आता एक सूचना घरातल्या बायांना, आणि ही चेष्टेवारी सांगता येत नाही. घरचा माणूस शेतीपायी जीव देऊन गेला, तर तो शेतकरी होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. 2006 साली मदत ठरली एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण सातबारा घरातल्या कुणाच्या तरी नावावर हवा. दुसऱ्याचं रान बटईने किंवा ठोक्याने कसणारा त्यात येत नाही. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. अडल्या रात्री पैसे देणाऱ्याला परवाना दाखव म्हणून विचारायचं राहून गेलं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे शेरा पडतो: अपात्र. मेलेल्या माणसाला.

राहता राहिला ओला दुष्काळ. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जमिनी खरवडून गेल्या, तेव्हा कळलं की ही संज्ञा संहितेतच नाही, म्हणून तो जाहीर करता येत नाही. दुष्काळाच्या सवलती मात्र लागू केल्या आणि 31,628 कोटींचं पॅकेजही आलं. म्हणजे इलाज दुष्काळाचा, आजार बेनामी. खुद्द संज्ञेचं वैशिष्ट्य असं की विरोधी बाकावर ती चटकन आठवते आणि सत्तेच्या खुर्चीत सापडत नाही. त्यामुळे निवेदन दोन्हीकडे द्या. सत्तेतला संहितेचं पान उघडून दाखवील, विरोधातला तुमच्या चिखलात उतरून फोटो काढील. पोच मात्र दोघांकडूनही घ्या, आणि शिक्का गोल आहे ना ते बघा. आडवा शिक्का तहसीलमध्ये चालत नाही.