निंबोळी अर्काने मर थांबत नाही

‘हरभऱ्यातली मर ५ टक्के निंबोळी अर्काच्या फवारणीने आटोक्यात येते’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मर म्हणजे उभं झाड वाळवणारा बुरशीचा रोग. औसा तालुक्यातल्या आमच्या रानात दोन वर्षं हा उद्योग केलाय. ५ किलो निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, आईच्या जुन्या लुगड्यातून गाळून १०० लिटर द्रावण करायचं. (तरी नोझल तुंबायचंच!) घाटेअळी कमी झाली, हे खरं. मर मात्र होती तशीच.

वाळलेलं झाड उपटून खोड उभं चिरून बघा, आत काळपट रेघ दिसेल. मरीची ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, मुळावाटे चढते. पाल्यावर फवारून तिला काय होणार? आता पेरताना बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) चोळतो, मरीला दाद न देणारा विजय वाण घेतो. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या रोगासाठी, अर्क सांगितला असता तर एवढा वाद घातला नसता.