ट्रेनिंगचा बाँड घ्या, पण रक्कम दर महिन्याला उतरली पाहिजे

ट्रेनिंगच्या बदल्यात अमुक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन असं लिहून घेतात तो बाँड घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका युनिटचे अकाउंट्स मी पाहते, ट्रेनिंगची बिलं माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे खरं ट्रेनिंग किती महाग पडतं ते मला माहीत आहे. नवीन मशीन आली की ऑपरेटरला मशीनवाल्यांच्या पुण्याच्या सेंटरला पाठवावं लागतं, फी, तिकीट, राहणं, जेवण आणि तेवढे दिवस इकडे काम बंद असून पगार चालूच. एवढं करून तो परत आला आणि बुटीबोरीच्या मोठ्या प्लांटने लगेच चार हजार जास्त देऊन उचलून नेला तर छोट्या मालकाच्या जिवाला लागणारच ना. त्याने वर्षभर तरी थांब म्हटलं तर त्यात काही वावगं नाही.

पण इथे काय होऊन राहिलं? बीई झालेलं पोट्टं जॉइन होतं, पहिल्याच दिवशी 500 च्या स्टॅम्प पेपरवर सही, दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर दोन लाख भर. आणि ट्रेनिंग म्हणजे काही आठवडे पीपीटी, मग सीनिअरच्या बाजूला खुर्ची टाकून बसणं. हे तर कोणत्याही नवीन माणसाला शिकवावंच लागतं, याचे दोन लाख कसले? वरून ओरिजिनल मार्कशीट जमा करा आणि सही केलेला कोरा चेक द्या. घरचे लोकही म्हणतात, दे बाबा, नोकरी तर लागली.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो रकमेचा. पहिल्या महिन्यात सोडलं तरी दोन लाख आणि तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी दोन लाखच! अहो, मधले बावीस महिने त्याने तुमच्याकडे राबून जे कमावून दिलं ते कुठे गेलं? खर्च खरंच 1,20,000 झाला असेल आणि बाँड 24 महिन्यांचा असेल तर महिन्याला 5,000 उतरले पाहिजेत. अठरा महिन्यांनी गेला तर बाकी 30,000, ते घ्या आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी रीतसर सोडल्याचं पत्र, द्या. मशीनची किंमत दरवर्षी थोडी कमी धरून घसारा लिहितो ना आपण, मग ट्रेनिंगचा खर्च काय जन्मभर तेवढाच राहते?

कायदाही फार वेगळं सांगत नाही. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम 74 म्हणतं की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळणार ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. आणि पैशाचा दावा करता येतो, पण माणसाला जबरदस्तीने कामावर बसवा असा हुकूम कोर्ट देत नाही.

मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला, तेव्हापासून एचआरवाले तो निकाल पोरांच्या तोंडावर फेकून राहिले. पूर्ण वाचा ना तो. ती सरकारी बँक होती, जाहिरात देऊन, मोठी प्रक्रिया करूनच तिला भरती करावी लागायची, आणि सोडणारा माणूस सीनिअर मॅनेजर, चांगल्या पगारावरचा. छापील करारात नोकरी मागणाऱ्याचं काही चालत नाही, हेही कोर्टाने त्यात विचारात घेतलं आहे. पंधरा हजारांच्या फ्रेशरला तोच निकाल जसाच्या तसा दाखवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

खरी भीती कोर्टाची नसतेच, कारण एवढ्या रकमेसाठी वकील लावून तारखा करत बसायला कंपनीलाही परवडत नाही. भीती असते रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवण्याची आणि त्या कोऱ्या चेकची. चेक बाउन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट, म्हणजे चेकच्या कायद्याच्या कलम 138 ची नोटीस येते आणि घरात रडारड सुरू होते, म्हणून कोरा चेक अजिबात देऊ नका. मार्कशीटची झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत घ्या. ट्रेनिंगवर नेमका खर्च किती, हे बाँडमध्येच लिहून मागा, आणि दर महिन्याला किती उतरणार तेही. मालक मंडळी, तुम्हीही हे लिहा, खर्च खरा असेल तर लिहायला अडचण काय आहे?

कोणाच्या घरी सध्या असा कागद आला असेल तर सही करायच्या आधी मला इनबॉक्स करा. मी वकील नाही, पण हिशोब बरोबर आहे की नाही तेवढं नक्की पाहून देईन.