वर्णद्वेष म्हणजे फक्त एका गोऱ्या माणसाचा स्वभाव नव्हे

वर्णद्वेषावरच्या हॉलिवूड सिनेमांबद्दल कधीपासून लिहायचं होतं. बऱ्याच सिनेमांत साचा एकच, एक फटकळ गोरा माणूस, मनात काळ्यांबद्दल अढी, मग एका काळ्या माणसाशी गाठ पडते, भांडणं होतात, शेवटी मिठी. आपले डोळे भरून येतात आणि वाटतं चला, मिटलं सगळं. मला हे पटत नाही, कारण वर्णद्वेष नुसता कुणाच्या मनात नव्हता हो, तो कायद्यात होता, हॉटेलच्या दारात होता, खुद्द सिनेमाच्या धंद्यातही होता.

हॅटी मॅकडॅनियलचंच बघा ना. 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीच्या रोलसाठी १९४० मध्ये तिला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण त्याआधी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात त्याच सिनेमाचा प्रीमियर झाला तिथे तिला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवायचे कायदे. ऑस्करचा सोहळा लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात होता तिथेही काळ्यांना प्रवेश नव्हता, तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली आणि तरी बाकीच्या कलाकारांपासून लांब, भिंतीकडेच्या लहानशा टेबलावर तिला बसवलं. आणि सिनेमा काय दाखवतो, तर मालकिणीवर जीव टाकणारी दासी! नंतरही तिला बहुतेक मोलकरणीचेच रोल मिळत राहिले. चीड येते हे वाचताना.

'सिनेमाच तो, त्याने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' आठवावा. तोंडाला काळं फासलेले गोरे नट काळ्यांना नराधम दाखवतात आणि हिरो कोण तर कू क्लक्स क्लान, म्हणजे काळ्यांवर हिंसा करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना. तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला आणि कधीच संपून गेलेली क्लान त्याच वर्षी जॉर्जियात परत उभी राहिली, पुढे भरतीसाठी हाच सिनेमा वापरला.

आता 'ग्रीन बुक', २०१९ च्या ऑस्करमधलं बेस्ट पिक्चर. महेरशाला अलीचं काम अप्रतिम, त्यात वादच नाही. पण मूळ ग्रीन बुक म्हणजे काळ्या प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवायला मिळेल याची यादी, व्हिक्टर ह्युगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने १९३६ पासून काढलेली. स्वतःच्याच देशात फिरायला असं पुस्तक लागायचं, केवढी गोष्ट आहे ही! सिनेमात ते पुस्तक एका काळ्या पियानोवादकाला गाडीतून फिरवणाऱ्या गोऱ्या ड्रायव्हरच्या हातात येतं आणि गोष्टही त्याचीच होऊन बसते. हा पोस्टमन आणि ज्यांनी आपल्या घरातल्या खोल्या अनोळखी प्रवाशांना दिल्या ती माणसं, यांच्यावर कुणीतरी मोठा सिनेमा काढा, मी पहिल्याच दिवशी बघेन.