कानस चालवायच्या आधी वाचायचं तरी!

काल एका सराफाने आत्याच्या पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळेवर कानस चालवली. न विचारता. रात्रभर झोप लागली नाही मला.

आत्याचं जुनं घर पाडायला काढलंय. माळ्यावरच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ही माळ मिळाली. ती किती जुनी, एवढंच आत्याला हवं होतं. गेली बिचारी पेठेत. त्याने माळ उलटून पाहिली नाही, भिंग काढलं नाही. "मावशी, हॉलमार्क नाही, कस बघावा लागेल," म्हणाला आणि कानशीने एका पुतळीची कड घासली. कसोटीवर हलकी रेघ ओढून भागलं नसतं? आणि घासली कुठे, तर नेमकी अक्षरांवर! त्या पुतळीवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख आहे, मागे ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. डुकाट म्हणतात ते व्हेनिसचं नाणं. १२८४ ते १७९७ पर्यंत पाडलेलं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं. व्यापारातून आपल्याकडे आलं, वर कडी झाळली आणि गळ्यात गेलं. त्यावर साल नसतं, डोजचं नाव असतं. नाव लागलं की बहुतेक वेळा कारकीर्द सापडते आणि काळ ठरतो. अक्षरं नुसतीच वेडीवाकडी, निरर्थक असतील तर ती बहुधा नक्कल, कदाचित आपल्याकडच्या कारागिराने केलेली. सगळा निवाडा त्या कडेवर, आणि आता तिथे चकचकीत ओरखडा. वर म्हणतो, "मोडून टाका, घट वजा जाऊनही छान अँटिक सेट बसेल."

अँटिक सेट म्हणे! गेल्या महिन्यात घडवून काळपट पॉलिश मारलेला तो अँटिक, आणि खरं जुनं ते मुशीत. दरवाजावर पाटी लावून हा धंदा चालतो आणि आपण रांगा लावतो.

हॉलमार्कचं तर नावच काढू नका. सोन्यावर हॉलमार्क आपल्याकडे सुरू झाला २००० साली, सक्ती आली २०२१ मध्ये. पणजीच्या बोरमाळेवर तो कुठून येणार? तरी काउंटरवरचा पोरगा तोंड वाकडं करतो आणि घरचे घाबरून मोड घालतात. कमी कस म्हणजे खोट, हेही तसंच. १९६३ च्या सरकारी सुवर्ण नियंत्रण नियमांत १४ कॅरेटवरचे नवे दागिने घडवायलाच बंदी होती, तेव्हा कमी कस हीसुद्धा काळाची खूण असू शकते. कस मोजायच्या मशीनमध्ये घातलं की वय कळतं असं समजणाऱ्यांपुढे तर हात टेकले. मशीन वरच्या थरात सोनं किती ते सांगतं. वय सांगते घडण: तार हाताने ओढलेली की यंत्राची, झाळ कशी, फिरकीचे आटे कसे, मण्यात लाख आहे का, गाठवलेला दोरा कसला. आणि उजाळा द्यायला दिला की आधी दोराच फेकतात!

फोटो पाठवणारेही कमी नाहीत. ट्यूबलाइटखाली हललेला एकच फोटो, मागची बाजू नाही, फासा नाही, वजन नाही. प्रश्न मात्र तयार: "पेशवेकालीन आहे ना?" अरे, मागून फोटो काढा, वजन लिहा, मग विचारा!

सगळ्यात जास्त जळतं ते जमिनीत सापडलेल्या सोन्याचं. पाया खणताना हंडा लागतो आणि रातोरात आटवला जातो, कारण सरकार फुकट नेईल ही भीती. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे: दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. शंभर वर्षांहून जुनं आणि मूळ मालक नाही असं ठरलं तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारने ठेवून घेतलं तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मिळतो. तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत कोणी हे ग्रामसभेत कधी वाचून दाखवलंय?