तुमच्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: शिशाच्या गोळ्या, ऐंशी ग्रेन आणि अडकलेला तिसरा बार

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आणि सोबतचे टार्गेटचे फोटो नीट पाहिले. तुमच्या तक्रारी अशा: ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी भरायच्या) बंदुकीसाठी आमच्या दुकानात सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टण) आणि बंदुकीच्या दारूच्या वड्या मागितल्या असताना आम्ही जुन्या वळणाच्या शिशाच्या गोळ्या व सुटी दारू गळ्यात मारली, ऐंशी ग्रेनचा (ग्रेन हे दारू-गोळी मोजायचं बारीक एकक) बार दीडशेच्या जमान्यात फुसका आहे, शंभर यार्डांवर गोळ्या अकरा इंचांत पसरल्या, तिसरी गोळी नळीत अडकली, आणि एकदा घोडा पडल्यावर बार उशिरा उडाला. सगळ्याचं उत्तर देतो. पण आधी एक विनंती: पुढचं सगळं वाचून होईपर्यंत या बंदुकीतून आणखी बार काढू नका.

कारण तुमच्याच एका वाक्यात आहे. 'दारू डिजिटल काट्यावर मोजून अचूक ऐंशी ग्रेन भरली.' आम्ही गोळ्यांच्या डब्यावर लिहून दिलं होतं, '८० ग्रेन, मापाने.' ठासणीच्या बंदुकीत दारूचे ग्रेन हे वजन नसतं, ते पितळी मापाच्या आकारमानाचे असतात. हे माप काळ्या दारूवर बेतलेलं आहे. मापात ८० ग्रेन काळी दारू भरली तर ती वजनालाही साधारण ८० भरते. तुम्ही नेलेली ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) तिच्याहून हलकी आहे: मापाने १०० ग्रेन घेतली तर वजन ७७ च्या आसपास येतं. म्हणजे काट्यावरचे तुमचे ८० ग्रेन मापाने १०४ च्या घरात गेले. त्यात ट्रिपल सेव्हन मापाला माप काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोरकस, म्हणून तुमचा बार काळ्या दारूच्या जवळजवळ १२० ग्रेनइतका झाला, आणि तो ३८५ ग्रेनच्या मऊ शिशाच्या गोळीमागे. बंदुकीच्या पुस्तिकेत या वजनाच्या गोळीला जास्तीत जास्त किती दारू दिली आहे ते आजच बघा. तो आकडा आमच्या शब्दापेक्षा वरचा.

पसाऱ्याचं मूळही इथेच आहे. तुमच्या फोटोत वरून दुसरं भोक मोठं करून पाहा. ते गोल नाही, किंचित लांबट आहे, आणि डाव्या कडेला शिशाचा करडा डाग आहे. गोळी कागदातून सरळ गेली नाही, कलती गेली. या गोळीचा बूड आतून पोकळ असतो. दारू पेटली की त्याची कड फुलते आणि नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) घट्ट बसते. दाब हवा तेवढाच असेल तर ती सगळीकडून सारखी फुलते. दाब फार झाला तर एका बाजूला जास्त फाकते, नळीच्या तोंडाशी वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी डोलत निघते. यात दोष तुमच्या नेमाचाही नाही आणि नळीचाही. तुमच्या नळीच्या आट्यांना २८ इंचांत एक पीळ आहे, म्हणजे लांब गोळीला हवा तसाच. ६० किंवा ६६ इंचांत एक पीळ असलेली, कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गोल गोळी ठासायची बंदूक असती, तर ही गोळी आम्ही दिलीच नसती.

आता सॅबो आणि वड्यांकडे. तुमच्याकडे कोलोरॅडोच्या सप्टेंबरमधल्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) शिकार हंगामाचा परवाना आहे, आणि तो दाखवूनच तुम्ही खरेदी केलीत. त्या हंगामात प्लास्टिकचे सॅबो चालत नाहीत, वड्यांची दारू चालत नाही, धूरविरहित दारू चालत नाही, दुर्बीणही चालत नाही. कापडाचा तुकडा चालतो. हरणासाठी किमान .४० कॅलिबर लागतं, एल्क या मोठ्या हरणासाठी .५०, आणि गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त नको. इंटरनेटवर तुम्ही पाहिलेला 'तीन वड्या आणि २५० ग्रेनचा सॅबो' हा बार दुसऱ्या राज्यांत कायदेशीर असेल, इथे तो रानात नेला तर दंड होईल. तो विकून तुम्हाला खूश करणं आम्हाला सोपं होतं.

दीडशे ग्रेनचं म्हणाल तर, वड्या सहसा पन्नास-पन्नासच्या येतात, त्यामुळे बार पाच-पाच ग्रेनने कमी-जास्त करून बंदुकीला काय मानवतं ते शोधता येत नाही. सुट्या दारूचा खरा फायदा तोच, आणि कायदा नसता तरी आम्ही तीच सुचवली असती. ताकदीची चिंता नको. मापाने ७५ ते ८० ग्रेन ट्रिपल सेव्हनवर ही गोळी सेकंदाला साधारण १४०० फुटांनी निघते. शंभर यार्डांवरच्या म्यूल डिअरला खांद्यामागे बसली तर तेवढं पुरेसं आहे. अडचण असते ती गोळीच्या घसरणीची: शंभरावर नेम जुळवला तर पन्नासावर ती दोन-अडीच इंच वर लागते आणि दीडशेवर दहाएक इंच खाली. उघड्या माशीने (दुर्बिणीविना, नळीवरच्या नेमखुणेने) दीडशेवर बार टाकू नका. जखमी हरीण मागे लागून शोधण्यापेक्षा पन्नास पावलं पुढे सरकलेलं बरं.

अडकलेल्या गोळीबद्दल. ट्रिपल सेव्हन जळली की ब्रीच प्लगच्या (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचाच्या) जरा पुढे, गोळी बसते नेमकी तिथेच, कडक काजळीचं कडं धरते. शॉटगनचे तापट २०९ प्राइमर (दारू पेटवणाऱ्या टोप्या) वापरले तर ते जास्त जाड होतं. मझललोडरसाठीचे सौम्य २०९ वेगळे मिळतात, ते घ्या. दोन बार झाले की तिसरी गोळी या कड्यावर अर्धा-एक इंच वर थांबते आणि दारूपर्यंत पोचत नाही. अशी गोळी उडवली तर मधल्या पोकळीमुळे नळी फुगू शकते, फाटूही शकते. तुम्ही ती उडवली नाहीत, हे फार चांगलं केलंत.

उपाय साधा आहे, फक्त दर बारामागे करावा लागतो. साध्या पाण्याने ओलसर केलेला कापडाचा तुकडा एकदा खाली नेऊन वर काढा, तो उलटवून पुन्हा, मग एक कोरडा. ओलसर म्हणजे पिळल्यावर थेंब पडणार नाही इतपतच. तुमच्या उशिरा उडालेल्या बाराचं कारण बहुधा इथेच आहे: चिंब तुकडा खाली दाबला की काळा चिखल ब्रीच प्लगच्या बारीक छिद्रात जातो. घरून तेल लावून आणलेल्या बंदुकीतही तेच होतं. म्हणून दिवसाचा पहिला बार भरण्याआधी नळीच्या तळाशी कोरडा तुकडा ठेवा, नळी सुरक्षित दिशेला धरून नुसता प्राइमर उडवा आणि तुकडा बाहेर काढा. मधोमध जळका ठिपका असला तर वाट मोकळी. पुढे कधी घोडा पडूनही बार उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून निदान मिनिटभर थांबा.

गजावर (गोळी ठासायच्या सळईवर) दोन खुणा करा. एक रिकाम्या नळीत गज टेकल्यावर तोंडाशी येते ती, दुसरी ८० ग्रेन आणि गोळी नीट बसल्यावरची. दुसरी खूण नळीच्या तोंडाबाहेर दिसली तर गोळी वर अडकली आहे: तो बार उडवायचा नाही. प्राइमर काढून, नळीच्या तोंडासमोर न येता, लांब दांड्याच्या गजाने गोळी खाली बसवायची. नाहीच सरकली तर ब्रीच प्लग काढून, दारू मागून ओतून, ती बाहेर ढकलायची. गाडीतून उतरल्यावरही ही खूण पाहावी, खडबडीत रस्त्यावर तोंड खाली ठेवलेल्या बंदुकीत शिशाची गोळी पुढे सरकते. तशी तुमच्या नळीत ती अंगठ्याने जेमतेम तोंडात शिरून पुढे स्टार्टरचा (गोळी आत ढकलायच्या आखूड दांड्याचा) ठोका मागायला हवी. आपोआप घसरत खाली गेली तर ती सैल आहे. डबा बदलून देऊ.

तुम्ही लिहिलंय की गावाकडच्या ठासणीच्या बंदुकीला एवढे सोपस्कार लागत नाहीत. खरं आहे. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ती बंदूक गुळगुळीत नळीची, छऱ्यांची असते, आवाज आणि वीस-पंचवीस पावलांवरची मार एवढंच तिच्याकडून हवं असतं. आट्यांच्या नळीत एकच गोळी शंभर यार्डांवर बशीएवढ्या जागेत टाकायची असेल तर मोजमाप पाळावं लागतं.

मैदानावर ६० ग्रेन मापापासून सुरू करा. तीन गोळ्या, प्रत्येक बारानंतर नळी पुसून. मग पाच-पाच ग्रेनने वाढवत ८० पर्यंत, त्यापुढे नाही. माप भरताना दारू ठोकून दाबू नका, कडेने टिचकी मारून वर सपाट करा. गोळी दारूला टेकेपर्यंत दर वेळी सारख्या जोराने बसवा; ट्रिपल सेव्हनला चेपलेलं चालत नाही. गोळीखाली वॉड (चकती) किंवा भराव घालू नका. पन्नास यार्डांवर गोळ्यांच्या भोकांचा सर्वांत लहान घोळका ज्या मापावर येईल तो तुमचा बार, मग तो ७० चा का असेना. शंभरावर माशी शेवटी जुळवा.

पितळी माप तुमच्याकडे नसेल तर दुकानातून घेऊन जा, त्याचे पैसे नकोत. न फोडलेले गोळ्यांचे डबे परत घेऊ. फोडलेली दारू सुरक्षिततेसाठी परत घेता येत नाही. बंदूक घेऊन कुठल्याही शनिवारी सकाळी या. ब्रीच प्लग काढून आणि नळी रिकामी करून आणा, आणि येताना ती तिसरी गोळी जपून ठेवली असेल तर तीही आणा. तिच्या बुडावरून पुढचा सल्ला आणखी नेमका देता येईल.